तुर्भे ते तावेता, व्हाया पेटी

दिवस १ : तुर्भे

विटाव्याच्या सबवेत पाणी होतं. फार नाही, माझ्या हिमालयन मोटरसायकलचं पुढचं चाक भिजेल इतकंच. तरी मी कडेला थांबलो, कारण बायकोबरोबर केनियात फिरायला ही गाडी लाकडी पेटीतून बोटीने मोंबासाला पाठवायची होती आणि ओली गाडी पेटीत भरायची नाही असं एजंटने तीनदा बजावलं होतं. शेवटी कळव्याहून ऐरोलीपर्यंत पाऊस अंगावर घेतच गेलो. तुर्भ्याला पोहोचलो तेव्हा गाडी आणि मी, दोघंही निथळत होतो.

आदल्या संध्याकाळी मावशींनी टोकलं होतंच. आमची इमारत चेंदणी कोळीवाड्याला लागून आहे आणि मासळी वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच येते. पापलेटाऐवजी सुकट घेत होतो, तेवढ्यात गाडी बोटीने पाठवतोय हे बोलून गेलो. त्या म्हणाल्या, "नारली पुनवेच्या आदी दर्यान काय टाकायचा नसतंय, नं तू गारी टाकतंस?"

मावशींचं चुकत नव्हतं. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. शिडाच्या जमान्यात आफ्रिकेची गलबतं हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर जायची आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परत यायची. मी नेमकं उलट्या हंगामात निघालो होतो. माझ्या गलबताला शीड नव्हतं एवढाच काय तो आधार.

पेट्या बनवणारा सुतार, सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत, गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "चाक काढा." आम्ही आख्खा कंटेनर घेतला नव्हता. इतरांच्या मालाबरोबर थोडी जागा घ्यायची, त्याला एलसीएल म्हणतात. भाडं घनमीटरवर लागतं. माल जड असेल तर टनावर, दोन्हींत जे जास्त भरेल ते. गाडी आहे तशी भरली तर पेटी २.३ बाय ०.९५ बाय १.४५ मीटर, म्हणजे तीन घनमीटरच्या वर. पुढचं चाक, आरसे आणि काच काढून हँडल वळवलं की १.९५ बाय ०.८५ बाय १.२. दोनच्या आत. मिस्त्रीने हा हिशेब भिंतीवर खडूने करून दाखवला आणि नंतर पुसलाही नाही.

चाक मीच काढलं. अॅक्सल, दोन स्पेसर, नट. भर पावसात, पत्र्याच्या शेडखाली, रेनकोट घालून. हे नीट लक्षात ठेवा, मी ठेवलं नाही.

मग पेट्रोल. पेट्रोलवर चालणारी गाडी म्हणजे जहाजाच्या हिशेबात धोकादायक माल, वर्ग ९, यूएन क्रमांक ३१६६. टाकी कोरडी करायची, बॅटरीची वायर सोडून तिचं टोक टेपने गुंडाळायचं आणि तसं लिहून द्यायचं. टाकीतलं पेट्रोल मिस्त्रीच्या पोराच्या अॅक्टिव्हात गेलं. इंजिनखाली लाकडी ठोकळा दिला, चार बाजूंनी रॅचेटचे पट्टे आवळले आणि मागचं सस्पेन्शन थोडं बसेपर्यंत गाडी खाली ओढली. सस्पेन्शन मोकळं ठेवलं तर गाडी पेटीतल्या पेटीत नाचते आणि पट्टे सैल होतात.

फळ्यांवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि 'एचटी' ही अक्षरं हवीत. लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवलंय, म्हणजे भुंगेरे मेलेत, असा त्याचा अर्थ. शिक्का नसेल तर पलीकडच्या बंदरात पेटी अडते. मिस्त्रीला एक फळी कमी पडली तेव्हा तो कोपऱ्यातली जुनी उचलायला गेला. एजंटचा माणूस लांबूनच ओरडला. शिक्क्याची फळी येईपर्यंत दीड तास गेला.

आईने पॅनिअरमध्ये, म्हणजे गाडीच्या बाजूच्या सामानाच्या खोक्यात, लाडवांचा डबा ठेवला होता, तो एजंटच्या माणसाने बाहेर काढला. पेटीत जे जाईल ते पॅकिंग लिस्टमध्ये लिहायचं आणि खाण्याची वस्तू तर नकोच. दीड तास फळीची वाट पाहताना आम्ही सहा जणांनी ते लाडू संपवले.

दिवस ४ : द्रोणागिरी

बाईकवाला असून लोकलने निघालो. ठाणे ते नेरूळ, तिथून उरणची गाडी. ही लाइन उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, त्याच दिवशी अटल सेतूही. त्या सेतूवर दुचाकीला बंदी आहे. माझी हिमालयन अरबी समुद्र ओलांडू शकते, ठाण्याची खाडी नाही.

गाडीतून चिखल, तिवरं आणि मग एकावर एक रचलेले कंटेनर दिसायला लागतात. न्हावा आणि शेवा ही दोन गावं होती हे ते कंटेनर बघून कुणाला खरं वाटणार नाही. जानेवारी १९८४ मध्ये याच पट्ट्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि गोळीबारात पाच जण गेले. बंदर सुरू झालं १९८९ मध्ये. गोदामाच्या गेटवरचा पासवाला म्हणाला, त्याचे आजोबा त्या मोर्च्यात होते. मग त्याने माझा आधार क्रमांक दोनदा चुकीचा लिहिला.

सीएफएस म्हणजे कंटेनरचं गोदाम. पेटी तिथे येते, कस्टम बघतं, मग ती इतरांच्या मालाबरोबर कंटेनरात जाते. आत फोर्कलिफ्टचा आवाज, मिरचीच्या पोत्यांचा ठसका आणि एका कोपऱ्यात माझी पेटी. इतकी लहान वाटली की क्षणभर दुसऱ्या कुणाची असेल असं वाटलं.

आता कार्नेविषयी, कारण सगळी भानगड तिथेच आहे. 'कार्ने द पासाज' हा गाडीचा पासपोर्ट. चर्चगेटच्या मोटार असोसिएशनकडून तो काढला. गाडीची किंमत आणि जायचे देश बघून अनामत किंवा बँकेची हमी द्यावी लागते. रक्कम ऐकून बायको बराच वेळ काही बोलली नाही. मजकूर इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये. प्रत्येक पानाचे तीन तुकडे: गाडी देशात शिरताना एक फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, तिसरा आपल्याकडे राहतो. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर कागदोपत्री गाडी त्या देशातच विकली गेली असं धरतात आणि तिकडचं आयातशुल्क आपल्या अनामतीतून जातं. गाडी चोरीला गेली तरी तेच. त्यामुळे पुढचे दोन महिने मी पैशांचं पाकीट विसरलो असेन, ती फाइल नाही.

कस्टमचे साहेब आले. तरुण, शांत, बूट चिखलाने भरलेले. "चेसिस नंबर दाखवा." नंबर हँडलच्या मुळाशी, फळीच्या मागे. एजंटने एक बाजू खिळ्यांऐवजी स्क्रूवर ठेवायला का सांगितली ते आता कळलं. फळी सोडली, साहेबांनी मोबाइलचा टॉर्च मारला, एकेक अक्षर आरसीशी ताडलं. इंजिन नंबरासाठी जमिनीवर बसले. इतकी खातरजमा मी गाडी घेताना शोरूममध्येही केली नव्हती. हे सगळं परत येताना लागतं, गेली ती हीच आणि आली ती हीच, हे दाखवता आलं नाही तर आपल्याच गाडीवर आपल्याच देशात शुल्क.

"केनियात भाड्याने मिळत नाहीत का?" त्यांनी उठता उठता विचारलं.

मिळतात. आणि स्वस्त पडतात, फार स्वस्त. समुद्राचं भाडं या सगळ्यात किरकोळ निघतं. दोन्ही बंदरांतले आकार, एजंट, गोदाम, कागद, यांतच पैसे जातात. मला कुणी विचारलं तर मीही भाड्यानेच घ्या म्हणेन. साहेबांना म्हणालो, "नंबरप्लेट एमएच ०४ पाहिजे होती." ते हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि सही केली.

दिवस ५ ते २८ : काही नाही

सातव्या दिवशी जहाज सुटलं. नंतर फोनवर एक ठिपका. तो आधी जेबेल अलीला गेला. आमचा कंटेनर तिथे उतरवून दुसऱ्या जहाजावर चढणार होता. सहा दिवस ठिपका तिथेच. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत रोज दीड तास रिक्षात बसून मी जेबेल अलीच्या त्या ठिपक्याकडे बघत राहायचो.

दरम्यान आमचे कागद. ठाणे आरटीओतून आंतरराष्ट्रीय लायसन्स, एक वर्षाचं. केनियाचा ऑनलाइन प्रवास परवाना. पीतज्वराची लस दोघांनी घेतली, ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी हवी. दाखला नसेल तर केनियाहून परतताना आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात.

दिवस २९ आणि ३० : मोंबासा

मुंबई ते नैरोबी सहा तास, तिथून मोंबासा. हवा चक्क ओळखीची निघाली: खारट, चिकट, नारळाची.

इथला क्लिअरिंग एजंट सहा फूट उंच, आवाज हळू. त्याने फाइल उघडली, बोटाने ओळी वाचल्या आणि साहाय्यकाला स्वाहिलीत काहीतरी म्हणाला. त्या वाक्यातला एक शब्द मला कळला. 'गारी.' मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे. स्वाहिलीत गाडीला गारीच म्हणतात, शब्द आपल्याकडूनच गेलाय. पण 'ड' टाकून 'र' घेतलेला तो उच्चार थेट चेंदणीचा होता. विम्याला ते बीमा म्हणतात, दुकानाला दुका. चहा चायच.

एजंट म्हणाला, पेटी उद्या नाही, परवा. फोर्ट जीझस बघून या.

दिवस ३१ : मोंबासा, अजूनही

गेलो. पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतलेला कोट. आराखडा गोव्यात काम करणाऱ्या इटालियन स्थपतीचा, कातीव प्रवाळाच्या भिंती. ओमानच्या अरबांनी जवळपास तीन वर्षं वेढा घालून १६९८ मध्ये तो घेतला. आमच्या ठाण्याचा कोटही पोर्तुगीजांचाच. मराठ्यांनी १७३७ मध्ये तो घेतला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला आणि तो अजून तुरुंगच आहे. मोंबासाचा कोटही इंग्रजांच्या काळात तुरुंग होता, आज म्युझियम आहे. बायको म्हणाली, "इथे निदान तिकीट काढून आत जाता येतं."

दिवस ३२ : पेटी

गोदामाबाहेरच्या मोकळ्या जागेत पेटी उघडली. आतून तुर्भ्याचा ओला वास आला, खरंच. सिलिका जेलच्या पुड्या जड झाल्या होत्या, साखळीवर थोडा गंज, बाकी गाडी जशीच्या तशी. कार्नेचं पहिलं पान फाडलं गेलं, शिक्का बसला. मी शिक्क्याचा फोटो काढला, मग फोटो नीट आलाय का बघितलं, मग पुन्हा काढला.

चाक बसवायला घेतलं. अॅक्सल होता, नट होता, एक स्पेसर होता.

दुसरा नव्हता. पेटीचा तळ, पॅनिअर, हेल्मेटचं अस्तर, सगळं पालथं घातलं. स्पेसर म्हणजे चाक आणि फोर्क यांच्यामधलं बोटभर लांब नळकांडं. त्याच्याशिवाय चाक एका बाजूला सरकतं आणि ब्रेकची डिस्क कॅलिपरला घासते. सात समुद्र वगैरे पार करून आलो आणि त्या नळकांड्यासाठी उन्हात बसलो. बायको काही बोलली नाही. ठाण्यात असती तर बोलली असती.

एजंटचा साहाय्यक म्हणाला, "फुंडी आहे." फुंडी म्हणजे कारागीर, सुतारापासून मेकॅनिकपर्यंत कुणीही. त्याने शिट्टी मारली आणि एक बोडाबोडा आली. इथल्या बाईक-टॅक्सीला बोडाबोडा म्हणतात आणि त्यांत जिकडेतिकडे बजाजची बॉक्सर. आपल्याकडे दिसेनाशी झालेली ही गाडी इथे तिघांना आणि एका गाठोड्याला घेऊन फिरते. मी हातात चाक धरून मागे बसलो.

फुंडीचं दुकान म्हणजे एक लेथ, एक पंखा आणि रेडिओ. त्याने शाबूत स्पेसर कॅलिपरने मोजला, मग म्हणाला, "दुसऱ्या बाजूचा याच लांबीचा कशावरून?" प्रश्न रास्त होता. दोन्ही बाजूंचे स्पेसर सारखे नसतात आणि मला आकडा पाठ नव्हता. ठाण्याच्या माझ्या मेकॅनिकला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे अडीच, तो जेवत होता. ताट बाजूला ठेवून त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी हिमालयनचं चाक उतरवलं आणि माप सांगितलं. तो मराठीत, मी इंग्रजीत, फुंडी स्वाहिलीत. आकडे मात्र तिघांनी इंग्रजीतच म्हटले. तासाभरात लेथवरून लख्ख, गरम नळकांडं उतरलं. फुंडीने सांगितलेले पैसे ऐकून मी पुन्हा विचारलं, कमी ऐकू आलं असेल म्हणून. तेवढेच होते.

संध्याकाळी पेट्रोल भरलं, स्थानिक बीमा घेतला, स्टार्टर दाबला. चौथ्या प्रयत्नात लागली.

दिवस ३३ : व्होई

वाहतूक डाव्या बाजूने, त्यामुळे डोक्याला ताप नाही. ताप ट्रकांचा. मोंबासा-नैरोबी महामार्ग म्हणजे आपला जुना मुंबई-आग्रा रोड, फक्त गावोगावी गतिरोधक जास्त उंच. साधारण दीडशे किलोमीटरला पाच तास लागले.

शेजारून नवी रेल्वे धावते. जुनी १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत हिंदुस्थानातून आणलेल्या मजुरांनी बांधली, बहुतेक पंजाबी. व्होईच्या पुढे त्सावो नदीच्या पुलावर १८९८ मध्ये दोन सिंहांनी महिनोन्‌महिने मजूर उचलून नेले. ठाणेकराला रेल्वे दिसली की तो १८५३ काढतोच, मीही लॉजच्या मालकासमोर काढलं. तो म्हणाला, "मग तुमच्याकडे सिंह नव्हते?" बिबटे आहेत म्हटलं, येऊरला, आणि अजूनही येतात. त्यावर त्याने मला चाय पाजली.

दिवस ३४ : तावेता

आख्ख्या प्रवासातला हा दिवस पुन्हा द्या म्हणेन. व्होई ते तावेता सुमारे ११० किलोमीटर, गुळगुळीत डांबर. आधी घायपाताची शेतं, काटेरी, ओळीत लावलेली. मग वस्ती संपते आणि रस्ता त्सावो पश्चिम उद्यानातून जातो. उद्यानाच्या आतल्या रस्त्यांवर मोटरसायकलला मनाई असते. हा सार्वजनिक रस्ता असल्याने चालतं. कुंपण नाही. माती लाल, इतकी की डांबराच्या कडासुद्धा लाल.

एका वळणानंतर समोरचा ट्रक थांबलेला. ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून तळवा खाली दाबला, जागेवरच राहा म्हणून. ट्रकपलीकडे हत्ती, पाच की सहा. राखाडी नव्हते, विटकरी होते. त्सावोचे हत्ती या मातीत लोळतात आणि तिच्याच रंगाचे होतात. मागून एक बॉक्सरवाला आला, त्याच्या मागे कोंबड्यांची टोपली. त्याने इंजिन बंद केलं आणि मला खूण केली. मीही बंद केलं. मग फक्त फांद्या मोडल्याचा आवाज आणि कोंबड्या. पाठीमागे बायकोने माझं जॅकेट इतकं घट्ट धरलं होतं की पुढे दोन दिवस चेन अडकत होती. दहा-बारा मिनिटं गेली असतील. शेवटचं पिल्लू रस्त्याच्या मधोमध थांबलं, सोंड वर केली, वास घेतला आणि गेलं. ट्रकवाल्याने हॉर्न न वाजवता गिअर टाकला.

तावेताच्या अलीकडे सलैता नावाची टेकडी लागते, टेकाडच. फेब्रुवारी १९१६ मध्ये इंग्रज फौजेने इथे जर्मनांवर हल्ला केला आणि मार खाल्ला. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकनांबरोबर हिंदी लष्कराची १३०वी बलुची पलटणही होती. आम्ही तिथे केळी खाल्ली.

दिवस ३५ आणि ३६ : लोइतोकितोक, मग एमाली

तावेताहून किलिमांजारोच्या पायथ्याने उत्तरेला. काही रस्ता पक्का, काही नुसती धूळ. आम्ही आणि गाडी दोन्ही हत्तींच्या रंगाचे झालो. पर्वत दिवसभर ढगात. लोइतोकितोकला कडाक्याची थंडी, जुलैमध्ये स्वेटर. ठाण्यात त्या दिवशी अतिवृष्टीचा इशारा होता आणि आईने फोनवर शाळा बंद असल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सहाला उठलो. खिडकीत आख्खा पर्वत, ५,८९५ मीटर, माथ्यावर बर्फाची उरलेली किनार. अर्ध्या तासात ढग आले. फोटो चांगला आला नाही.

एमालीपर्यंत उतार, तिथून महामार्ग, पुन्हा ट्रक.

दिवस ३७ : परत मोंबासा

लांबलचक दिवस. वाटेत जाडजूड गोरखचिंचा, वसईच्या किल्ल्यात आहेत तशाच. बाकी सांगण्यासारखं काही नाही, पाठ दुखली. एकूण सुमारे आठशे किलोमीटर चालवली.

दिवस ३८ : शिक्का

गाडी दोन वेळा धुऊन घेतली, कारण माती घेऊन गेलं की तिकडच्या बंदरात पुन्हा प्रश्न. मिस्त्रीची पेटी जपून ठेवली होती, शिक्क्याच्या त्याच फळ्या, तेच स्क्रू. फुंडी मदतीला आला आणि या वेळी चाकाचे सुटे भाग त्याने तारेत ओवून फ्रेमला बांधले, माझ्याकडे न बघता.

कार्नेवर बाहेर पडल्याचा शिक्का बसेपर्यंत मी कस्टमच्या बाकावर तीन तास बसलो. शिक्का थोडा फिका उठला. मी तसं म्हटल्यावर अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, शिक्का शाईत दाबला आणि पुन्हा मारला.

दिवस ७६ : द्रोणागिरी ते ठाणे

मधे नारळी पौर्णिमा होऊन गेली. मावशींच्या होड्या पाण्यात गेल्या, पापलेट आलं, महाग आलं. पेटी न्हावा-शेवाला उतरली आणि एका गोदामाने ती कुठल्याशा चुकीच्या रांगेत ठेवल्यामुळे चार दिवस सापडलीच नाही. सापडल्यावर फळी सोडणं, टॉर्च, चेसिस नंबर, सगळं पुन्हा. या वेळी साहेब दुसरे होते.

जोडणीसाठी घरून रेनकोट नेला होता, पाऊस होताच. डाव्या खिशात हात घातला तर बोटभर लांब नळकांडं. जूनपासून ते आमच्या गॅलरीत टांगलेलं होतं. बायकोला अजून सांगितलेलं नाही. चाकात फुंडीचा स्पेसर होता, तोच राहू दिला.

उलव्यावरून, पाम बीच धरून, ऐरोली, विटावा. सबवेत पाणी नव्हतं. घरी येऊन पाइप लावला. मोंबासात दोनदा धुतलेल्या गाडीच्या इंजिनगार्डच्या आतून आणखी लाल पाणी निघालं, गटारापर्यंत धार गेली. आमचे वॉचमन काका गुहागरचे. ते छत्री घेऊन बाजूला उभे राहून बघत होते.

"कोकणात जाऊन आलात काय?" त्यांनी विचारलं. "ही आपल्याकडची माती."